ऑटोमॅटिक पिकअपचे गिअर ‘घट्ट’ करायचेत? आधी ते मऊ आहेत की सुटताहेत ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इसुझू व्ही-क्रॉस, १.९ लिटर डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, पुण्याहून सेकंड हँड घेतलेली, वॉरंटी संपलेली. गोव्याहून बेळगावला मासळीची खोकी बर्फासकट आणता. केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं की दुसऱ्याचा तिसरा पडताना गाडी ओढत बदलते, आरपीएम क्षणभर वर जातं आणि मग गिअर बसतो. कॅम्पात, टिळकवाडीत, शहापुरात फिरवताना काही नाही. कोल्हापूरच्या ओळखीच्या माणसानं शिफ्ट किट, म्हणजे गिअर घट्ट बसवणाऱ्या सुट्या भागांचा संच, बसवून देतो म्हणून सांगितलंय, ते मिळालं नाही तर वायरीत घालायची एक छोटी डबी. अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघून तुम्हालाही वाटतंय की गिअर कसे ठक्कन बसले पाहिजेत. तर बसवायचं की नाही?

आत्ता नको. घट्ट शिफ्टला माझा विरोध नाही, ओझ्याच्या गाडीला ती चांगलीच. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात ‘मऊ’पेक्षा वेगळं काहीतरी दिसतंय, आणि ते तसंच ठेवून प्रेशर वाढवलं तर मूळ दुखणं झाकलं जाईल. मी बेळगावात बरीच वर्षं ऑटोमॅटिकचंच काम करतोय, त्यामुळं गाडी न बघता छातीठोक निदान करणार नाही. पण कुठल्या क्रमानं बघायचं आणि का, एवढं नक्की सांगता येतं.

लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. गिअर बदलताना गाडी हळू, लोण्यासारखी बदलते, आरपीएम सरळ खाली येतं, फक्त यायला वेळ लागतो: ही मऊ शिफ्ट. कंपनीनं मुद्दाम तशी ठेवलेली असू शकते. दुसरी, बदलताना आरपीएम आधी वर उसळतं आणि मग खाली येतं. याला आम्ही फ्लेअर म्हणतो, आणि हा बिघाड आहे, कंपनीनं ठेवलेली आवड नाही. तिसरी, गिअर बसून झाल्यावरही रेस दिली की आरपीएम चढतं आणि गाडी मागंच राहते. ती सरळ स्लिप, म्हणजे क्लच प्लेटी गेल्या किंवा जायच्या मार्गावर आहेत. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. किट हा पहिल्या प्रकारावरचा उपाय आहे.

फ्लेअर का होतो ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. या सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये प्लॅनेटरी गिअर कायम एकमेकांत गुंतलेले असतात. कुठला क्लच किंवा ब्रेक धरलाय त्यावर गिअर ठरतो. दुसऱ्याचा तिसरा होताना एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. विहिरीवर भरलेली घागर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देतात तसं. पहिल्यानं आधीच सोडली तर घागर खाली, म्हणजे इंजिन मोकळं सुटतं आणि आरपीएम उसळतं. दोघांनीही घट्ट धरून ठेवली तर ओढाताण, म्हणजे गाडीला गचका बसतो आणि दोन्ही क्लच एकमेकांविरुद्ध घासतात. ही देवघेव अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकते. कुठल्या क्लचला किती प्रेशर कधी द्यायचं हे गिअरबॉक्सचा कंप्युटर सोलेनॉइडला, म्हणजे करंटवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला, कमीजास्त करंट देऊन ठरवतो.

आता किटचं बघू. शिफ्ट किट ही मुळात अमेरिकेतली गोष्ट, आणि तिथल्या जुन्या गिअरबॉक्सना ती खरोखर लागायची. जनरल मोटर्सची ४एल६०ई, फोर्डची ई४ओडी, डॉज पिकअपमधली ४७आरई, असले गिअरबॉक्स. तिथं शिफ्ट मऊ ठेवायचं काम मुख्यतः अॅक्युम्युलेटर करायचा. हा स्प्रिंग लावलेला एक पिस्टन असतो. क्लचकडं निघालेलं थोडं ऑइल तो आपल्या पोटात घेतो, त्यामुळं क्लच सावकाश धरतो. शिवाय व्हॉल्व्ह बॉडीमधल्या, म्हणजे ऑइल कुठल्या क्लचकडं जाईल ते ठरवणाऱ्या भागातल्या, पातळ प्लेटीवर बारीक भोकं असतात, त्यातून ऑइल किती जोरात जाईल ते ठरतं. किटमध्ये कडक स्प्रिंगा, प्रेशर वाढवणारा व्हॉल्व्ह आणि बऱ्याचदा चक्क एक ड्रिल बिट येतो: अमुक भोक अमुक मापाचं मोठं करा. भोक मोठं केलं की ऑइल लवकर भरतं आणि क्लच लवकर धरतो. ४एल६०ईमध्ये तर कॉर्व्हेट सर्व्हो म्हणून मोठ्या व्यासाचा पिस्टन टाकतात. दुसऱ्या गिअरची बँड त्यानं जास्त जोरानं आवळली जाते. ट्रान्सगोसारख्या कंपन्यांचं नाव त्यावरच झालं.

त्यामागचा विचार बरोबर होता. क्लच धरताना जितका वेळ घसरतो तितकी उष्णता तयार होते. शिफ्टला दुप्पट वेळ लागला की साधारण दुप्पट उष्णता प्लेटीत जाते. आरामशीर कारसाठी सेट केलेला गिअरबॉक्स तसाच ट्रकमध्ये टाकून मागं ट्रेलर ओढला की प्लेटी जळणारच. म्हणून तिथले मेकॅनिक वेळ कमी करायचे. तुम्ही व्हिडिओत ऐकलेला ठक्क आवाज हा त्या वेळ कमी करण्याचा परिणाम. तो आवाज हेच ध्येय धरून चाललं की गडबड होते.

तुमच्या गिअरबॉक्समध्ये भोक मोठं केलं तर काय होईल? एका क्लचचं ऑइल लवकर भरेल. पण घागर सोडणारा हात जुन्याच वेळापत्रकावर आहे. दोघं एकदम धरतील. त्याहून गमतीची गोष्ट, कंप्युटर हे सगळं बघत असतो. इनपुट आणि आउटपुटच्या स्पीड सेन्सरवरून शिफ्टला किती वेळ लागला ते तो मोजतो आणि ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर झाली तर पुढच्या वेळी प्रेशर कमी करतो. याला अॅडॅप्टेशन म्हणतात. म्हणजे तुम्ही पैसे देऊन घट्ट केलेली शिफ्ट काही दिवसांत गाडी स्वतःच पुन्हा मऊ करून ठेवते. बदलायची तिची मर्यादा संपली की मग इंजिनचा दिवा लावते. कोल्हापूरचे तुमचे ओळखीचे गृहस्थ जुन्या चार-गिअरच्या गाड्यांवर काम केलेले असतील तर त्यांचा अनुभव खोटा नाही, फक्त तो या गिअरबॉक्सचा नाही.

आणि ती डबी. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये लाइन प्रेशरच्या, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या मुख्य दाबाच्या, सोलेनॉइडला करंट जितका कमी, तितकं प्रेशर जास्त. हे मुद्दाम केलेलं असतं, वायर तुटली तरी क्लच धरून राहावेत म्हणून. डबीवाले वायरीत एक रेझिस्टर घालून करंट पाडतात. जुन्या गाड्यांत त्यानं फरक पडायचा, पण तो सगळीकडं सारखा. घाटात लागणारं प्रेशर खडेबाजारात रिक्षामागं सरकतानाही. नव्या गाडीत कंप्युटर प्रत्यक्ष करंट मोजतो आणि कमी पडला तर भरून काढतो. त्याला भरून काढता येणार नाही एवढा मोठा रेझिस्टर घातला की बिघाडाचा कोड टाकून गाडी एकाच गिअरमध्ये अडकवतो. कणकुंबीच्या अलीकडं पावसात असं झालं तर मोबाइलला रेंज शोधत बसावं लागेल.

मग फ्लेअर कशानं? तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ ही की गावात ठीक, घाटात नाही. घाटात तीन गोष्टी बदलतात. गाडी तिरकी होते, ऑइल तापतं आणि इंजिनचा जोर पुरा लागतो. तिन्ही तपासायच्या, स्वस्तातली आधी.

गाडी तिरकी होते म्हणजे खालच्या पॅनमधलं ऑइल मागं सरकतं. लेव्हल थोडी जरी कमी असेल तरी चढावर, त्यातही ओझ्यानं मागचं अंग बसलेलं असताना आणि वळणावर, फिल्टरचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. हवामिश्रित ऑइल दाबलं जातं, क्लचला प्रेशर मिळत नाही, घागर खाली. सपाटीवर तेच ऑइल पुरतं. म्हणून माझा पहिला संशय लेव्हलवर आहे. गाडी सेकंड हँड आहे आणि या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. मागं कुणीतरी ऑइल बदलून लेव्हल चुकीच्या तापमानाला धरली असण्याची शक्यता खूप.

लेव्हल धरायची पद्धत अशी: गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवायचा, मग पी मध्ये. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला जोडून आतले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, ऑइलचं तापमान बघत बसायचं. कंपनीनं एक ठरावीक टप्पा दिलेला असतो, आयसिन या जपानी कंपनीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना तो ४० अंशांच्या आसपास येतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. त्या टप्प्यात लेव्हलचा प्लग उघडायचा. धार आली तर बारीक होऊन थेंब पडायला लागेपर्यंत थांबायचं आणि प्लग लावायचा. काहीच आलं नाही तर ऑइल कमी आहे. एप्रिल-मे महिन्यात फिरून आलेली गाडी तशीच लिफ्टवर घेऊन ७०-८० अंशांला प्लग उघडणारे मी बघितलेत. गरम ऑइल फुगलेलं असतं, जास्तीचं म्हणून भरपूर बाहेर येतं, प्लग लागतो, आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी. गाडी थंड होईपर्यंत थांबायला नको वाटतं, एवढंच कारण.

प्लग उघडलाच आहे तर दोन थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. लालसर किंवा तपकिरी, पारदर्शक डाग पसरला तर चालेल. मधोमध काळा ठिपका राहून कडेनं तेलकट कडं पसरलं आणि करपलेला वास आला तर प्लेटींचं मटेरियल ऑइलमध्ये आलंय. पॅन काढला तर मॅग्नेट बघा. त्यावर राखाडी, लोण्यासारखी बारीक पेस्ट असणं नेहमीचं. बोटाला टोचणारे कण किंवा चकचकीत तुकडे दिसले तर पुढचं काही करू नका, गिअरबॉक्स उघडण्याचीच वेळ आलीय.

ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, बदलायचं नसतं, असं तुम्हाला सांगितलं गेलंय म्हणता. कुणाचं लाइफटाइम, हे मात्र कुणी सांगत नाही. चोर्ला घाटात ओझं वाहणाऱ्या गाडीला ते लागू नाही, आणि कंपन्यांच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये जड कामासाठी वेगळे नियम बहुधा असतात. एका वेळच्या ड्रेनमध्ये साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं एवढंच निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलवर चालणारा जोड) आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा, असं दोन-तीनदा करावं. मशीन लावून जोरात फ्लश करणं जुन्या, न बदललेल्या गिअरबॉक्सला मी टाळतो. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचंच. अमेरिकेत एकेकाळी शिफ्ट घट्ट करायला फोर्डचं टाइप एफ ऑइल ओतायची युक्ती होती, कारण त्यात घर्षण मऊ करणारी रसायनं नसायची. आजच्या गाडीत तसलं काही ओतलं तर कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, थरथरायला लागतो. रंबलर पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखं वाटतं. मग लोक टायर बॅलन्सिंग करत फिरतात.

आता एक गोष्ट जी व्हिडिओत सापडणार नाही, कारण तिथं कुणी मासळी वाहत नाही. खोक्यांतला बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून खाली गळतं. तुमच्या गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सच्या बाजूचा मोठा वायरिंग कनेक्टर बघा. बॅटरी काढा, कनेक्टर सोडवा आणि पिनांवर टॉर्च मारा. पिना स्वच्छ, चकचकीत असायला हव्यात. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर तांबं खाऊन टाकायला सुरुवात झालीय. रबरी सील आतल्या बाजूनं दबलेलं असेल तर पाणी वायरीतूनच आत ओढलं जातं, त्यामुळं वायरचा कव्हरजवळचा भाग दाबून बघा. कडक, चुरचुरीत लागला तर आत गंज आहे. सोलेनॉइडची वायर अशी झाली की कंप्युटरनं मागितलेला करंट एक आणि मिळालेला दुसरा, तोही गाडी हादरेल तसा बदलता. घाटातल्या खड्ड्यांत शिफ्ट बिघडते आणि गावात सुधारते, याचं हेही एक कारण. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नवं सील, काम स्वस्त आहे. पिन खाल्लेली असेल तर ती बदलावी लागेल, घासून चमकवू नका, वरचा मुलामा गेला की महिन्याभरात पुन्हा तेच. आणि हौद्यात गळती बंद करणारा ट्रे टाका, चासीसुद्धा आशीर्वाद देईल.

इंजिनच्या जोराबद्दल. इंजिन किती जोर लावतंय हे गिअरबॉक्सचा कंप्युटर स्वतः मोजत नाही. इंजिनचा कंप्युटर त्याला सांगतो की मी आत्ता इतका टॉर्क देतोय, आणि तो त्या प्रमाणात प्रेशर ठेवतो. तुमच्या इंजिनचा कागदावरचा टॉर्क ३६० न्यूटन मीटर. आता आधीच्या मालकानं पॉवर वाढवायची ट्यूनिंग डबी लावली असेल तर? या डब्या रेल प्रेशर सेन्सरचा, म्हणजे डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल फसवून जास्त डिझेल जाळायला लावतात. इंजिन खरा टॉर्क जास्त देतं, पण सांगतं जुनाच आकडा. गिअरबॉक्स त्या जुन्या आकड्याएवढंच प्रेशर ठेवतो आणि पूर्ण रेसमध्ये, म्हणजे घाटात, क्लच कमी पडतो. सेकंड हँड व्ही-क्रॉस बऱ्याचदा हौशी माणसाच्या हातून आलेली असते. इंजिनच्या रेल सेन्सरपासून वायर कुठं वेगळी गेलीय का, मागं टेप गुंडाळलेला जोड आहे का, ते बघून घ्या. डबी सापडली तर आधी ती काढा आणि मग घाट चढून बघा. अर्धे प्रश्न तिथंच मिटतात.

टायरही बघा. मूळ २५५/६० आर १८ चा व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. हौसेनं २६५/६५ आर १८ घातले असतील तर ८०२ च्या आसपास, म्हणजे ५ टक्के जास्त. सगळे गिअर तेवढे लांब झाल्यासारखे होतात, चढावर इंजिनला जास्त झगडावं लागतं आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात जास्त वेळा अडखळते.

इथवर जुळवायचं तर: लेव्हल, ऑइलची अवस्था, कनेक्टर, ट्यूनिंग डबी, टायर. यातलं कुठलंच काम महाग नाही, आणि ते झाल्याशिवाय शिफ्ट घट्ट करण्याची चर्चाही मी करत नाही. हे सगळं नीट झाल्यावर स्कॅनरवरून अॅडॅप्टेशन रीसेट करून घ्यायचं आणि गाडीला पुन्हा शिकू द्यायचं. नुसती बॅटरी काढून ते पुसलं जाईलच असं नाही. रीसेटनंतर पहिले काही दिवस ऑइल गरम झाल्यावर हलक्या आणि मध्यम रेसमध्ये सगळे गिअर वरखाली जाऊ द्या. संकेश्वर-निपाणीकडचा हायवे याला चांगला. रीसेट करून लगेच खोकी भरून घाटात घालू नका.

उष्णतेवर मी जरा जास्त बोलणार, कारण ऑटोमॅटिक मरते ती बहुतेक वेळा तापून. नेहमीच्या चालवण्यात ऑइल ८० ते ९५ अंशांत असावं. लांब चढावर ११० पर्यंत गेलं तर घाबरायचं कारण नाही. १२० च्या पुढं सतत राहिलं की ऑइल जळून व्हॉल्व्हवर चिकट थर बसतो, त्याच्याही वर गेलं की सील कडक होतात. अमेरिकन मेकॅनिकांचा एक ढोबळ नियम आहे: ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं. अगदी काटेकोर नाही, पण दिशा बरोबर आहे. केरीपासून वरपर्यंत स्कॅनर लावून तापमान आणि आरपीएम नोंदवा. फ्लेअर तापल्यावरच होतो की थंड असतानाही, हे कळलं की गाडी ज्याच्याकडं न्याल त्याचं निम्मं काम वाचेल.

तापमान जास्त निघालं तर किटच्या पैशात जादा ऑइल कूलर बसवा. रेडिएटरमधून आलेलं ऑइल या कूलरमधून मग गिअरबॉक्सकडं, असा क्रम ठेवायचा. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह असलेला घ्या, कारण फार थंड ऑइलही घट्ट राहतं, शिफ्ट रेंगाळते आणि लॉकअप उशिरा लागतो. आंबोली-चोर्ला पट्ट्यात पावसाळी पहाटेला हे जाणवतं. पाइप ट्रान्समिशन ऑइलसाठीचेच. डिझेलचा साधा पाइप क्लिपनं आवळून दिलेला मी कापून टाकतो. ऑटोनगरला ब्रॅकेट कुणीही सुबक करून देईल, पण कूलरचं माप आणि जोडणी ऑटोमॅटिक जाणणाऱ्यानंच ठरवावी.

चालवण्याचंही सांगतो, फुकट आहे म्हणून लोक ऐकत नाहीत. घाटात उष्णतेचं मोठं कारण म्हणजे गिअरची चाचपणी: दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. प्रत्येक बदलाला क्लच घासतो आणि मधल्या वेळात कन्व्हर्टर मोकळा फिरून ऑइल तापवतो. चढ सुरू व्हायच्या आधीच लिव्हर मॅन्युअलमध्ये घेऊन दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. इंजिन थोडं जास्त ओरडेल, ओरडू द्या. कंप्युटरला पुढचं वळण दिसत नाही, तुम्हाला दिसतं. थांबावंच लागलं तर सपाट जागी पी मध्ये घालून इंजिन चालूच ठेवा आणि थोडी रेस देऊन काही मिनिटं ऑइल कूलरमधून फिरू द्या. गरम गाडी बंद केली की पंप थांबतो आणि उष्णता आतच मुरते. आणि वजन आरसीवर आहे तेवढंच. मला उपदेश करायचा नाही, पण बर्फ आणि पाणी धरून खोकी एकदा काट्यावर घालून बघाच.

समजा हे सगळं नीट निघालं. आरपीएम उसळत नाही, ऑइल स्वच्छ, तापमान ताब्यात, आणि तरीही शिफ्ट तुम्हाला मऊच वाटते. मग घट्ट करायला माझी हरकत नाही. या गिअरबॉक्समध्ये ते काम सॉफ्टवेअरचं आहे. गिअरबॉक्सच्या कंप्युटरमधलं ट्यूनिंग बदलून जड रेसला प्रेशर वाढवायचं आणि शिफ्टचा वेळ कमी करायचा. हलक्या रेसला हात लावायचा नाही. शिफ्टच्या क्षणी इंजिन जो टॉर्क थोडा कमी करतं ते तसंच ठेवायचं. हौशी ट्यूनर हेच काढून टाकतात, कारण मग गचका जास्त बसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. तुमच्याच गिअरबॉक्सवर काम केलेला माणूस शोधा, आणि मूळ फाइलची प्रत आधी काढून घ्या. वाइटातलं वाइट झालं तर मागं येता आलं पाहिजे.

व्हॉल्व्ह बॉडीवरचं काम मी फक्त गिअरबॉक्स उघडलाच असेल तेव्हा करतो. व्हॉल्व्ह आणि त्याची बोअर झिजून प्रेशर गळत असेल तर सोनॅक्ससारख्या कंपन्यांचे दुरुस्तीचे भाग मिळतात. त्यांनी प्रेशर मूळ जागी येतं, आणि लोकांना ते ‘घट्ट’ वाटतं. खरं तर गाडी नवी असताना जशी होती तशी झालेली असते.

घट्ट करायच्या आधी गाडीचं मागचं अंगही तपासा. क्लचनं पटकन धरलेला झटका कुठंतरी जातोच. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, मधलं बेअरिंग, डिफरन्शियलचा पिनियन, लीफ स्प्रिंगचे बुश, हे सगळे तो खातात. शाफ्ट हातानं दोन्ही बाजूंना फिरवून खेळ बघा, स्लाइडिंग जोडात ग्रीस आहे का बघा. शिफ्टच्या वेळी खालून येणारा ठक्क आवाज बऱ्याचदा गिअरबॉक्सचा नसतोच, सुकलेल्या स्लाइडिंग जोडाचा असतो. आणखी एक. खोकी उतरवून गोव्याकडं परत जाताना तुमची गाडी मागून रिकामी, हलकी असते. जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या ओल्या वळणावर जोरदार डाउनशिफ्टचा झटका मागच्या चाकांना सुटायला पुरेसा होतो. म्हणून म्हणतो, घट्टपणा जड रेसपुरता ठेवा.

खर्चाचं विचारलंत. ऑइल, फिल्टर, सील, स्कॅनर, कनेक्टर एवढं काही हजारांत बसतं. कूलर त्याच्या वर. गिअरबॉक्सचं पूर्ण काम लाखाच्या घरात जातं, आणि भाग पुण्याहून येईपर्यंत गाडी उभी. कुणी गाडी न बघता थेट ओव्हरहॉलचा आकडा सांगितला तर आधी ऑइलची लेव्हल कितव्या तापमानाला धरली ते विचारा. उत्तर आलं नाही तर चावी परत घ्या.

पुढची फेरी मोकळ्या गाडीनं करा, म्हणजे केरीपासून वर रिकामी. रिकाम्या गाडीतही फ्लेअर आला तर लेव्हल आणि कनेक्टर आधी. फक्त ओझ्यावर येत असेल तर ट्यूनिंग डबी आणि तापमान आधी. कोड निघाला तर त्याचा नंबर, त्या वेळचं ऑइलचं तापमान आणि कितव्या गिअरला झालं, तिन्ही लिहून कळवा. कोड पुसू नका.